एका तिथीचा माग

संशोधनपद्धतीवरच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत एक आकृती हटकून असते. खाली प्रश्न, वर निष्कर्ष, आणि मध्ये पाच-सहा चौकोनांची शिडी: विषयनिश्चिती, पूर्वाभ्यास, साधनांचा शोध, साधनांची चिकित्सा, पडताळणी, मांडणी. एम.ए.च्या वर्गात ही आकृती आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आणि विद्यार्थी ती वहीत उतरवून घेत आले. परीक्षेत ती बिनचूक येते. प्रत्यक्ष शोधनिबंधात मात्र तिचा मागमूस नसतो. तेथे चार पुस्तकांतले उतारे असतात आणि 'यावरून असे दिसते की' हा दोर वापरून ते एकत्र बांधलेले असतात. याचा दोष विद्यार्थ्यांना देणे सोपे आहे. पण आम्हांला शंका येऊ लागली ती आमच्याचविषयी. या पायऱ्यांवरून आपण स्वतः एखादी लहानशी गोष्ट शेवटपर्यंत शोधत गेलो आहोत काय?

म्हणून एका वर्षी आम्ही वर्गाला एक प्रश्न घालून दिला आणि स्वतःही त्यात उतरलो. प्रश्न असा निवडला की ज्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला? १९ फेब्रुवारी १६३०. त्या दिवशी सुट्टी असते, तेव्हा उत्तर चुकण्याची सोयच नाही. उत्तर आधीच हाती असले म्हणजे लक्ष वाटेवर राहील, एवढाच आमचा हेतू होता. अट एकच घातली. जे पुस्तक उघडाल त्यातील तिथी एका तक्त्यात लिहा, आणि तिच्यासमोर एक रकाना आखा: 'हे यांना कोठून कळले?'

पहिल्या आठवड्यात तक्ता भरला, रकाना रिकामा राहिला.

तक्त्यात दोन तट पडले होते. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात जन्म मे १६२७ मधला दिला आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या १९०० च्या इंग्रजी ग्रंथातही १६२७ हेच वर्ष आहे. जुन्या शालेय पुस्तकांत, चरित्रांत आणि चरित्रांवरून रचलेल्या नाटकांच्या प्रस्तावनांत तेच. अलीकडच्या ग्रंथांत १६३०. एका विद्यार्थ्याचे म्हणणे पडले की नवे ते बरोबर, कारण ते नवे आहे. दुसऱ्याने मोजदाद केली आणि जुनी पुस्तके संख्येने अधिक भरतात असे दाखवून दिले. दोघांचीही उत्तरे आम्हांला खटकली. आणि अधिक खटकली ती ही गोष्ट की आमच्या स्वतःच्या लेखनातली कित्येक विधाने याच दोन न्यायांवर उभी आहेत.

रिकामा रकाना भरू लागलो तेव्हा तक्ता झपाट्याने आकसला. एका चरित्राने दुसऱ्यावरून घेतलेले, दुसऱ्याने ग्रँट डफवरून किंवा बखरीवरून. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यास होता. त्याच्यापुढेही बखरी होत्याच. पानभर पसरलेल्या साक्षीदारांच्या ठिकाणी एक-दोनच उरले, बाकीचे सारे त्यांचे प्रतिध्वनी. साहित्याच्या प्राध्यापकांनी यावर चकित व्हावे ही खरे तर लाजिरवाणी गोष्ट. पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत आम्ही हेच शिकवतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ती पुरी केली, वि. स. सुखटणकरांनी शेकडो पोथ्यांची कुळे लावली ती याच तत्त्वावर, की एका पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या मिळून साक्ष एकच. हे सारे आम्हांला तोंडपाठ होते. पण ते पोथ्यांना लागू, छापील पुस्तकांना नव्हे, असा काहीतरी मूक करार आम्ही स्वतःशी केलेला असावा.

आता बखरींकडे वळणे आले. यांतली सर्वांत जवळची म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस १६९७ च्या सुमारास लिहिलेली. सभासद महाराजांच्या कारकिर्दीतला माणूस. तो जन्मतिथी देतच नाही. विद्यार्थ्यांनी हा 'काही मिळाले नाही' असा शेरा मारून पुढे जाण्याचा बेत केला होता. आम्ही त्यांना थांबवले. जवळचा माणूस गप्प आहे आणि दीडशे-पावणेदोनशे वर्षांनंतरचा माणूस तिथीसकट सांगतो आहे, तर मधल्या काळात ती तिथी कोठून आली? मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. तिच्यात आणि तिच्या आसपासच्या बखरींत शके १५४९ चा वैशाख येतो. पण नेमकी तिथी व वार यांबाबत त्यांच्यात एकवाक्यता नाही. शके १५४९ हे प्रभव संवत्सर, म्हणजे साठ संवत्सरांच्या फेऱ्यातले पहिले. युगपुरुषाचा जन्म फेऱ्याच्या आरंभी असावा असे कोणा बखरकाराला वाटले असेल काय, असा एक तर्क आमच्यात निघाला. तर्क मोहक आहे, म्हणूनच तो आम्ही येथे तर्क म्हणूनच नोंदवतो.

बखरींवर आमचा जीव आहे. मराठी गद्याचा तो ठसका, ती लहान वाक्यांची चाल, शिकवताना आजही अंगावर रोमांच उभा करते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींची जी झाडाझडती घेतली, ती साहित्याच्या माणसाला थोडी निर्दय वाटते. पण तिथीच्या प्रश्नावर राजवाड्यांपुढे आमचे काही चालले नाही.

येथे शिडी संपली. बखरींच्या मागे जाण्यास ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांत वाटच नव्हती. लोकमान्य टिळक या प्रश्नावर नेमके येथेच येऊन थांबले होते. १९०० साली 'केसरी'त त्यांनी जन्मतिथीचा ऊहापोह केला, तेव्हा उपलब्ध साधने तोलून त्यांनी शके १५४९ हेच वर्ष ग्राह्य धरले. त्यांच्या पद्धतीत खोट काढण्यास आम्हांला जागा दिसली नाही. हाती असलेले सर्व त्यांनी पाहिले होते, परस्परविरोध दाखवले होते, आणि त्यांतून जे अधिक संभवनीय ते निवडले होते. शिडीच्या सर्व पायऱ्या रीतसर चढूनही माणूस चुकीच्या वर्षी पोचू शकतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना वर्गात क्षणभर शांतता पसरली. परीक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट फारच गैरसोयीची.

पुढचा पुरावा आला तो एका घरातून. भोरजवळच्या कारी गावचे जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. कान्होजी जेधे शहाजीराजांच्या आणि नंतर शिवाजी महाराजांच्या पदरी होते हे सर्वश्रुतच आहे. या घराण्याच्या दप्तरात एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षवार टिपणे: अमुक शक, अमुक संवत्सर, अमुक तिथीस अमुक घडले. तीत वर्णन नाही, स्तुती नाही, बखरीचा ठसका तर मुळीच नाही. शके १५४० ते १६१९ असा तिचा आवाका, आणि तिचा आरंभ होतो तो औरंगजेबाच्या जन्माच्या नोंदीने. ही शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तात प्रसिद्ध झाली. मंडळ तेव्हा अवघे सहा वर्षांचे होते. शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीस, शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा नोंदलेला आहे.

सोळा वर्षांपूर्वी आपण ज्या वर्षाच्या बाजूने लिहिले त्याच्या विरुद्ध जाणारा कागद टिळकांनी पुढे आणला. यात काही वीरश्री आहे असे त्यांना वाटले नसावे. आम्हांला मात्र त्या ठिकाणी थबकावेसे वाटले. आमच्यापैकी एकाने पंधरा वर्षांपूर्वी एका संतकवीच्या काळाविषयी लेख लिहिला होता, आणि त्याला अडचणीचा ठरणारा एक उल्लेख नंतर दृष्टीस पडूनही तो तसाच बासनात ठेवला होता. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्याने हे सांगितले. असो.

आता हा नवा कागद खरा कशावरून? देशमुखाच्या घरचा आहे म्हणून? घराण्यांच्या दप्तरांत वतनासाठी रचलेले कागदही सापडतात, हे राजवाड्यांच्या वाचकांस सांगायला नको. शिवाय एक नोंद मागाहून घुसडलेली असू शकते. म्हणून शकावलीला तिच्या इतर नोंदींवरून पारखावे लागते, आणि ज्या नोंदीचे उत्तर दुसरीकडून मिळते ती नोंद त्यासाठी निवडावी लागते. अफझलखानाच्या वधाची नोंद मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार अशी आहे. इंग्रजी हिशेबाने तो १० नोव्हेंबर १६५९. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राजापूरच्या इंग्रज वखारीतून गेलेल्या पत्रात खानाच्या मृत्यूची वार्ता आहे. काळ जुळतो. वार जुळतो काय?

येथे गणित आले, आणि साहित्याच्या वर्गात एकच चलबिचल झाली. त्यावर एक सोपी युक्ती आहे. आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर दर चारशे वर्षांनी वारांसकट जसेच्या तसे फिरून येते. सतराव्या शतकातले इंग्रज मात्र जुने ज्युलियन पंचांग वापरीत. त्या शतकात दोहोंतले अंतर दहा दिवसांचे. म्हणून १० नोव्हेंबर १६५९ म्हणजे आजच्या रीतीने २० नोव्हेंबर १६५९, आणि त्याचा वार २० नोव्हेंबर २०५९ चाच: गुरुवार. त्याच न्यायाने १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च १६३०. २०३० सालच्या १ मार्चचा वार पाहावा. तो शुक्रवार आहे. ज्या मुलीने मोबाइलवर हे सर्वांत आधी पाहिले तिचा चेहरा आम्हांला अजून आठवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या कोण्या कारकुनाने लिहिलेला वार तिने स्वतः ताडून पाहिला होता.

या हिशेबात आम्ही फळ्यावर एक ढोबळ चूक केली, तीही सांगितली पाहिजे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हा शाळेतला नियम वापरून आम्ही १५५१ चे १६२९ केले. फाल्गुन हा शकाचा अखेरचा महिना. तोवर इंग्रजी वर्ष उलटलेले असते, म्हणून तेथे ७९ मिळवावे लागतात. गंमत अशी की आमची चूक एका अर्थाने जुन्या इंग्रजांनाही मान्य झाली असती. १७५२ मध्ये कॅलेंडर बदलेपर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपल्या १९ फेब्रुवारी १६३० ला एखाद्या इंग्रजाने १६२९ सालच घातले असते. तिथी एक, दिवस एक. कागदावर मात्र त्याची तीन रूपे. वखारींची पत्रे वाचताना फेब्रुवारी-मार्चच्या तारखा जपून वापराव्यात, हा धडा आम्हांला येथे फुकट मिळाला.

वार, नक्षत्र, संवत्सर, शक ही चारही अंगे एकमेकांशी जुळतात, हे शकावलीच्या बाजूने मोठेच बळ. पण एक साक्षीदार कितीही सुसंगत बोलला तरी तो एकच. दुसरा हवा, आणि पहिल्याला न भेटलेला हवा. तो निघाला तंजावरास, आणि तो कवी आहे.

नेवाशाच्या कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य शिवाजी महाराजांच्या हयातीतले. काशीतले पंडित विचारतात आणि कवी त्यांना चरित्र सांगतो, अशी त्याची बैठक आहे. काव्य अपुरे आहे. व्यंकोजीराजांच्या वंशाने जोपासलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्याची प्रत होती. स. म. दिवेकरांनी ते संपादून मराठी भाषांतरासह पुढे आणले आणि १९२७ मध्ये मंडळाने ते प्रसिद्ध केले. त्यात जन्माची तिथी आहे: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया.

वर्गात यावर आक्षेप आला, आणि तो चांगला होता. या काव्यात नायक विष्णूचा अवतार आहे. जन्माच्या वेळी दिशा प्रसन्न होतात, वारे सुगंधी वाहतात. असल्या काव्याची साक्ष आपण बखरीपेक्षा अधिक कशी मानायची? बखरीला अद्भुताबद्दल दोष देणारे आपण, महाकाव्याला मोकळे कसे सोडतो?

आम्ही बराच वेळ यावर घालवला, कारण साहित्याचा अभ्यासक या ठिकाणीच काही उपयोगाचा ठरू शकतो. स्तुती करणे हा कवीचा हेतू. ज्या विधानांतून तो हेतू साधतो त्यांच्याविषयी सावध राहायचे. अवतार म्हणण्याने स्तुती होते. तृतीयेऐवजी चतुर्थी म्हणण्याने होत नाही. उलट, ज्यांच्या दरबाराशी संबंध त्यांचीच जन्मतिथी चुकवणे कवीला परवडणारे नव्हते. एकाच ग्रंथातली दोन विधाने अशी निरनिराळ्या मापांनी मोजावी लागतात. ग्रंथाला सरसकट 'विश्वसनीय' किंवा 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. परमानंदाने शक आकड्यांत दिलेला नाही. संस्कृत कवींच्या रीतीप्रमाणे त्याने तो शब्दांत गुंफला आहे: भू म्हणजे एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक, आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे १५५१. (या उदाहरणात उलट वाचले तरी तेच येते, हा योगायोग विद्यार्थ्यांना फार आवडला.) आकडा उतरवताना लेखकू सहज चुकतो, एकाचा नऊ होतो, पाचाचा चार होतो. शब्द मात्र वृत्तात बसलेला असतो. १५५१ चे १५४९ करायचे तर बाणाच्या जागी वेद आणि भूच्या जागी नंद किंवा अंक आणावा लागेल, आणि हे शब्द वृत्ताच्या मात्रागणांत पुन्हा बसवावे लागतील. नजरचुकीने हे होत नाही; त्यासाठी कोणीतरी कवीच बसावा लागतो. इतक्या वर्षांत आम्ही वृत्त शिकवताना लय, गेयता, स्मरणसुलभता हे सारे सांगितले. वृत्त हे आकड्याचे कुलूप असते, हे कधी सांगितले नव्हते.

जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात राजेरजवाड्यांच्या कुंडल्या होत्या. त्यांत महाराजांचीही कुंडली मिळाली आणि तीही याच जन्माकडे बोट दाखवते. दत्तो विष्णु आपटे व दिवेकर यांनी १९२५ च्या 'शिवचरित्रप्रदीपा'त शकावलीसोबत हे साहित्यही एकत्र आणले. मावळातले देशमुखाचे घर, कावेरीकाठचे ग्रंथालय आणि मारवाडातला ज्योतिषी: तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले असण्याचा संभव नाही म्हणण्याइतका कमी. तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात प्रथमच तीन निरनिराळी नावे आली.

आता फळ्यावरच्या आकृतीकडे पाहिले की 'साधनांचा शोध' या चौकोनाशी आमची नजर अडते. बाकीच्या चौकोनांइतकाच तो रुंद काढलेला असतो. ग्रँट डफपासून १९१६ पर्यंतची नव्वद वर्षे या एका चौकोनात मावतात. राजवाड्यांची गावोगावची पायपीट, माळ्यावरची दप्तरे उघडून दाखवण्यास राजी झालेले आणि न झालेले घरमालक, वाळवीने नेलेले कागद, सारे त्यातच. हा चौकोन चिकाटीने ओलांडता येतो, पण केव्हा ओलांडला जाईल हे आपल्या हाती नसते. मग पायऱ्यांचा उपयोग काय, असे एका विद्यार्थ्याने थोडे चिडूनच विचारले. आम्ही त्याला टिळकांचे उदाहरण दिले. कारीचा कागद एखाद्या तिथ्या जमवणाऱ्याच्या हाती पडला असता तर तक्त्यात आणखी एका ओळीची भर पडली असती. ज्याने बखरींचे परस्परविरोध सोळा वर्षे डोक्यात बाळगले होते त्याला तो कागद काय बोलतो आहे ते ऐकू आले. विद्यार्थ्याचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही.

वर्षाच्या अखेरीस त्याच विद्यार्थ्याने जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला एक रुमाल आणला. आजोळच्या घराचे छप्पर उतरवताना तो आढ्याजवळ सापडला होता. आत वीस-बावीस कागद, कडा करपलेल्या, अक्षर मोडी. त्याने तो टेबलावर उलगडला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही चौघे मराठीचे अध्यापक. चौघांची मिळून सत्तरएक वर्षे नोकरी झालेली. एका कागदाच्या माथ्यावरचा 'श्री' आम्हांला लागला. त्याखालची ओळ आमच्यापैकी एकालाही वाचता आली नाही.

गेल्या आषाढापासून दर शनिवारी दुपारी आम्ही एका निवृत्त भूमापकांकडे मोडी शिकायला जातो. तो विद्यार्थीही येतो, आणि आमच्यापुढे आहे. पहिला कागद आतापर्यंत निम्मा लागला आहे. त्यावर शक आहे, महिना आहे; तिथीच्या जागी शाई उडालेली आहे.